गांवच्या पाण्याची शाळा

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या शिक्षक-पालक सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं देवाचे उपकार आठवावे, पूर्वजांचें ऋण मानावें आणि पुढच्या पिढीचा विचार करावा, हा आपला जुना शिरस्ता आहे. ह्या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणीं कोठें भेटत असतील तर त्या गांवच्या पाण्यांत भेटतात, असें आम्हांस वाटतें. म्हणून महोत्सव मंडळानें शिक्षकांच्या पाणलोट-अभ्यासाविषयीं चार शब्द सांगण्याची आज्ञा केली तेव्हां ती आम्हीं आनंदानें शिरीं धरली. ह्या भाषणाच्या अखेरीस शाळेमागील बावखलाचा प्रश्न येणार आहे. तो मंडळापुढें आहे हें आम्ही जाणतों, आणि त्याविषयीं आमचें मत आडपडदा न ठेवितां सांगणार आहों.

प्रथम पाणलोट म्हणजे काय तें पाहूं. ज्या भूमीवर पडलेला पावसाचा थेंब वाहत वाहत अखेर एकाच ओढ्यास, एकाच नदीस अथवा एकाच खाडीस मिळतो, ती सारी भूमि त्या ओढ्याचा, नदीचा वा खाडीचा पाणलोट होय. त्याची हद्द तलाठी आंखीत नाहीं. ती डोंगराची धार आंखते. पाठ्यपुस्तकांत हा अर्थ दोन ओळींत सांपडतो, विद्यार्थी तो दोन ओळींत पाठ करतो, आणि परीक्षेंत त्याचे दोन गुणही मिळतात. परंतु "तुझ्या घराच्या पागोळ्यांचें पाणी कोठें जातें?" असें विचारलें म्हणजे तोच विद्यार्थी गुरुजींच्या तोंडाकडे पाहतो आणि गुरुजी खिडकीबाहेर पाहतात.

ह्यांत शिक्षकांस दोष देण्याचें कारण नाहीं. त्यांस जें शिकविलें गेलें तें खडू-फळ्यानें शिकविलें गेलें. शिवाय आपल्या वसई तालुक्यांतील कितीतरी शिक्षक घाटावरून, खानदेशांतून, मराठवाड्यांतून बदलीनें आलेले. त्यांस आपली खाडी, आपलीं खाजणें, आपलीं बावखलें कोणीं हातीं धरून दाखविलींच नाहींत. सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं पर्यावरणाचें शिक्षण शाळांतून सक्तीनें द्यावें असा आदेश दिला. 'परिसर अभ्यास' हा विषयही प्राथमिक वर्गांत आहे. पण परिसर चार भिंतींच्या आंत कसा मावावा? म्हणून आम्हीं असें ठरविलें कीं, शिक्षकांस आधीं चालवावें आणि मग त्यांच्याशीं बोलावें. तुंगारेश्वराच्या धारेपासून खाडीच्या मुखापर्यंत आणि तेथून आपल्या वाड्यांपर्यंत, एका वर्षाच्या निरनिराळ्या ऋतूंत हें चालणें होतें. पायांत जुन्या चपला, हातांत वही, खिशांत दोरी व घड्याळ, एवढीच सामग्री.

पहिला धडा मात्र वर्गांतच होतो, आणि त्यास खर्च एका कागदाचा. प्रत्येक शिक्षकानें कोरा कागद मुठींत चुरगाळावा, मग अर्धवट उलगडून मेजावर ठेवावा. झाले डोंगर आणि दऱ्या. उंच घड्यांवर निळ्या शाईची रेघ ओढावी. जेथें गांव वसवावें असें वाटेल तेथें तांबडा ठिपका द्यावा. त्यानंतर पिचकारीनें हलकेंच पाणी शिंपडावें. शाई धारेवरून दोहों बाजूंस उतरते, घडीघडींतून वाट काढते आणि खळग्यांत डबकीं होऊन सांचते. ज्या शिक्षकांनीं गांव खळग्यांत वसविलें होतें त्यांचें गांव निळ्या शाईंत बुडालें आणि हंशा पिकला. २०१८ च्या जुलैमध्यें ज्यांच्या घरांत पाणी शिरलें होतें ते दोघेतिघे मात्र हंसले नाहींत.

दुसरा धडा डोंगरावर. तुंगारेश्वराचें रान २००३ पासून अभयारण्य आहे, तेव्हां वनखात्याची परवानगी घेऊन आणि आवाज न करितां जावें लागतें. बरोबर सर्वेक्षण विभागाचा नकाशा असतो, ज्यांत जमिनीवरील एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर होतो. त्यावरील तपकिरी समोच्चरेषा पुष्कळ शिक्षकांनीं विद्यार्थिदशेंत काढल्या होत्या. पण रेषा चढाकडे टोंक करून वळली कीं तेथें ओहोळ असतो आणि उताराकडे टोंक करून वळली कीं डोंगराची सोंड असते, हें त्यांनीं प्रथम येथें, एक डोळा नकाशावर व एक डोळा दरीवर ठेवून, ताडून पाहिलें. धारेवर पोहोंचल्यावर आम्ही दोन तांबे घेतों. एक तांब्या इकडे ओततों, एक तिकडे. मधलें अंतर दोन हातांचें. पण डोंगराच्या पूर्वेचें पाणी वज्रेश्वरीकडील तानसा नदींत जाऊन पुढें वैतरणेस मिळतें, दक्षिणेचें कामण-चिंचोटीकडून वसईच्या खाडींत उतरतें, आणि पश्चिमेचें पेल्हार, गोखिवरें, सातिवलीच्या बाजूनें सखल भागांत येतें. वैतरणा त्र्यंबकेश्वराकडून आलेली, आणि वसईची खाडी म्हणजे राजमाचीजवळ उगम पावलेल्या उल्हास नदीचें मुख. एवढ्या दुरून आलेल्या दोन नद्यांच्या मधोमध आपण उभे आहों हें त्या तांब्यानें जसें कळलें तसें आमच्या व्याख्यानानें कळलें नसतें.

डोंगरावर आणखी एक प्रयोग होतो. दोन्ही तोंडें कापलेला पत्र्याचा डबा जमिनींत चार बोटें ठोंकावा, त्यांत मापून पाणी घालावें आणि तें मुरण्यास किती वेळ लागतो तें घड्याळावर पाहावें. हा डबा एकदां दाट झाडीखालच्या पानगळींत ठोंकला, एकदां गुरांच्या पायवाटेवर, आणि एकदां, खालीं आल्यावर, वाहनें उभीं करून घट्ट झालेल्या मुरमावर. पानगळींत पाणी बघतां बघतां नाहींसें झालें. पायवाटेवर तें रेंगाळलें. मुरमावर शिक्षक वाट पाहून कंटाळले आणि शिदोऱ्या सोडून बसले. जेवण झालें तरी पाणी डब्यांत तसेंच होतें. जंगल पाऊस आणतें किंवा नाहीं ह्याविषयीं पंडितांनीं वाद घालावा. पडलेला पाऊस तें जमिनींत उतरवितें, हें आमच्या डब्यानें दाखविलें. पाड्यावरील शाळेच्या एका शिक्षकानें सांगितलें कीं त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आज्यांस कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत टिकतो हें तोंडपाठ असतें, आणि हें ज्ञान वहींत कोठेंच नाहीं. त्यांनीं तें मुलांकडून लिहून घेण्यास आरंभ केला आहे. आम्हांस ह्या सबंध उपक्रमाचें हें एक मोठें फळ वाटतें.

पावसाळ्याचा धडा गणिताचा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी झालें. हें एकच सूत्र मुलास कळलें तर त्याच्या हातीं किल्लीच आली म्हणावयाची. शाळेचें छप्पर २०० चौरस मीटर धरा. आपल्याकडे पावसाळ्यांत दोन हजार मिलिमीटर पाऊस ही कांहीं अपूर्व गोष्ट नव्हे. तर त्या एका छपरावरून चार लाख लिटर पाणी पन्हळीनें वाहून जातें. दहा हजार लिटरांच्या टँकरचे चाळीस टँकर! हा गुणाकार फळ्यावर झाला तेव्हां वर्गांत शांतता पसरली, कारण त्याच शाळेनें मागील उन्हाळ्यांत विकतचें पाणी घेतलें होतें. पाऊस मोजण्यासाठीं विकतचें यंत्र नको. सरळ अंगाची बाटली, तिचाच कापलेला गळा उलटा करून केलेलें नरसाळें, आणि बाहेरून चिकटविलेली पट्टी, एवढ्यावर काम भागतें. रोज सकाळीं ठरल्या वेळीं एका मुलानें वाचावें आणि दुसऱ्यानें लिहावें.

ओढ्याचें पाणी मोजण्याची रीत त्याहूनही गमतीची. दहा मीटरांचा सरळ पट्टा निवडावा, वरच्या टोंकास लिंबू सोडावें आणि तें खालच्या टोंकास किती सेकंदांत पोहोंचतें तें पाहावें. वीस सेकंद लागले तर वेग सेकंदास अर्धा मीटर. ओढा दोन मीटर रुंद आणि सरासरी पाव मीटर खोल असेल तर त्याचा छेद अर्धा चौरस मीटर. दोहोंचा गुणाकार पाव घनमीटर. पण वरचें पाणी तळच्या पाण्याहून जलद धांवतें, म्हणून पांचांपैकीं चार भाग धरावे. तेव्हां सेकंदास सुमारें २०० लिटर. पावसाळा सरल्यावर तोच ओढा, तेंच लिंबू, तीच दोरी घेऊन पुन्हां मोजावें. अपूर्णांकांस भिणारीं मुलें लिंबाच्या मागें धांवतां धांवतां अपूर्णांक करूं लागतात, हा आमचा अनुभव आहे. नियम एकच: गुडघ्याच्या वर पाणी असेल तर कोणीहि ओढ्यांत उतरावयाचें नाहीं, शिक्षकांनीं तर नाहींच.

आतां ज्या गोष्टीसाठीं हें सारें सांगितलें त्या आपल्या विहिरींकडे येऊं. आपल्या विहिरीस गोडें पाणी कोठून येतें, असें विचारलें असतां बहुतेक शिक्षकांनीं, आणि बहुतेक धर्मग्रामस्थांनींही, "तुंगारेश्वराहून" असें उत्तर दिलें. डोंगर दिसतो, हिरवा दिसतो, तेव्हां पाणी तेथूनच येत असणार! पण चालून पाहा. डोंगर आणि आपला किनाऱ्याचा पट्टा ह्यांच्या मध्यें सखल खाजणें आणि सोपाऱ्याची खाडी आडवी येते. ह्या खाडीमुळें वसईचा हा पट्टा पूर्वीं बेट म्हणूनच ओळखला जात असे. आणि सोपारें हें केवढें प्राचीन बंदर होतें ह्याची साक्ष तेथें १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांस सांपडलेल्या अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा देतो. तेव्हां आपल्या उथळ विहिरींचें गोडें पाणी हें मुख्यतः आपल्याच डोक्यावर पडलेल्या, आपल्याच वाडींत मुरलेल्या पावसाचें आहे. आपला पाणलोट डोंगराएवढा मोठा नाहीं. समुद्रालगतच्या, चार-दोन हात उंचीच्या, वाळूच्या धारा हेच आपले डोंगर, आणि त्यांच्या मधले खोलगट भाग ह्याच आपल्या दऱ्या. नळीच्या दोन टोंकांतील पाण्याच्या पातळीवरून शिक्षकांनीं ही उंची मोजली तेव्हां ज्यांस आपण सपाट समजत होतों त्या वाडीलाही उतार आहे हें दिसून आलें.

ह्या मुरलेल्या गोड्या पाण्याच्या खालीं काय आहे? खारें पाणी. गोडें पाणी हलकें, खारें जड, म्हणून गोडें वर तरंगतें. ह्याचा हिशोब डच अभियंता बादोन घायबेन ह्यांनीं १८८९ च्या सुमारास आणि जर्मन हेर्झबेर्ग ह्यांनीं १९०१ सालीं स्वतंत्रपणें मांडला. गोड्या पाण्याचें वजन १,००० धरलें तर समुद्राच्या पाण्याचें सुमारें १,०२५ भरतें. त्यावरून असें निघतें कीं समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडें पाणी असेल तर तिच्या खालीं सुमारें चाळीस फूट गोडें पाणी तोलून धरलेलें असतें. ऐकावयास हें मोठें वैभव वाटतें. पण हिशोब उलटाही चालतो. उपसा करून वरची पातळी एक फूट उतरली तर खालचें खारें पाणी कालांतरानें चाळीस फूट वर सरकूं पाहतें. जमिनींत कोठें चिकणमाती, कोठें कातळ असल्यामुळें प्रत्यक्षांत हा आंकडा जसाच्या तसा उतरत नाहीं. तरी दिशा हीच.

हें दाखविण्यास कांचेचा पेला पुरतो. तळाशीं शाईनें रंगविलेलें मिठाचें पाणी, त्यावर चमच्याच्या पाठीवरून अगदीं हळू सोडलेलें गोडें पाणी. दोन थर स्पष्ट दिसतात. आतां वरच्या थरांत नळी धरून हळूहळू ओढा. रंग जागचा हलत नाहीं. जोरानें ओढा, निळा शंकु नळीकडे उठतो आणि तोंड खारट होतें. रहाटगाडगें आणि पंप ह्यांतला भेद ह्याहून सोप्या रीतीनें आम्हांस सांगतां येणार नाहीं. रहाट वाडीपुरतें पाणी काढीत असे आणि त्यांतलें बरेंचसें त्याच वाडींत पुन्हां मुरत असे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत नव्या वस्त्यांसाठीं टँकर लागले. पट्ट्यांतील विहिरींचें पाणी पट्ट्याबाहेर जाऊं लागलें. त्या काळीं 'हरित वसई'च्या चळवळींत, २०२४ सालीं आपणांस सोडून गेलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्यासमवेत, आपल्यांपैकीं कित्येकजण रस्त्यावर उतरले होते. त्यांच्या नातवंडांस ती चळवळ कशासाठीं होती हें पेल्यांतून दाखवितां येतें. शहरास आज सूर्या, उसगांव, पेल्हार येथील धरणांचें पाणी मिळतें. सूर्येचें पाणी आपल्याकडे येतें तें दुसऱ्या एका पाणलोटांतून, दुसऱ्या लोकांच्या भूमीवरून येतें, हेंही मुलांस सांगावयास हवें.

विहिरीची मोजणी वर्षांतून चार वेळां होते. कठड्यावरील खुणेपासून पाण्यापर्यंत गांठी मारलेली दोरी सोडावयाची, आंकडा लिहावयाचा, मग पाण्याचा नमुना घ्यावयाचा. खारेपणा मोजण्याचें छोटें विद्युत्-यंत्र मिळालें तर उत्तम. नाहीं तर साबणास फेंस किती येतो आणि डाळ किती वेळांत शिजते हें घरांतील मायबहिणींस विचारावें. त्यांच्या उत्तरांत आणि यंत्राच्या आंकड्यांत फारसा विरोध येत नाहीं. पहिल्या पावसानंतरची मोजणी आम्हीं मुद्दाम २४ जून रोजीं, बाप्तिस्मा देणाऱ्या सांत जुवांवच्या सणास ठेविली. गोव्याकडे त्या दिवशीं तरुण मंडळी विहिरींत उड्या घेतात. आम्हीं शिक्षकांच्या हातीं दोरी दिली.

खाडीवरचा धडा थोडक्यांत सांगतों. बांधाजवळ खुणांची काठी रोंवून दर अर्ध्या तासानें पाण्याची उंची लिहिली म्हणजे भरती-ओहोटीचा आलेख आपोआप उमटतो. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची कोळी बांधवांची जुनी रीत शिक्षकांनीं ताडून पाहिली: अष्टमीस आठांचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पाऊणकीचे पाढे शाळेंतून गेले, पण खाडीनें ते सोडले नाहींत. ह्या आलेखाचा उपयोग असा कीं, डोंगराकडून पाण्याचा लोंढा आणि समुद्राकडून उधाण हीं एकाच वेळीं आलीं म्हणजे पाण्यानें जावें कोठें, हें तो दाखवितो. पूर्वीं तें खाजणांत आणि मिठागरांत पसरून ओहोटीची वाट पाहत असे. आतां त्यांतील पुष्कळ जागा भरावाखालीं गेल्या. २०१८ च्या जुलैमध्यें रेल्वेचे रूळ पाण्याखालीं गेले, गाड्या खोळंबल्या आणि मिठागरांतील माणसें अडकून पडलीं, तेव्हां अतिवृष्टीस दोष देणें सोपें होतें. अतिवृष्टि झालीही होती. पण काठीजवळ उभें राहिलें म्हणजे अर्धें उत्तर जमिनीवर सांपडतें.

ह्या सर्व चालण्यांत आमच्या ध्यानांत राहिलेल्या एक शिक्षिका माणदेशांतून आलेल्या आहेत. पहिल्या दिवशीं भरलेलें बावखल पाहून त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग आमच्यांतील एका वयस्क बागाइतदारांस त्यांनीं विचारलें, "काका, हें असं पाणी घराच्या मागं असतांना तुम्ही त्यात कचरा कसा टाकूं देता?" काकांनीं टोपी काढली, डोकें खाजविलें आणि म्हणाले, "बाई, तुमच्याकडं पाणी नाहीं म्हणून तुम्हांला तें दिसतं." दुष्काळी मुलुखांतील शिक्षकांकडून आम्हीं जें शिकलों तें थोडें नाहीं. समतलचर कसा खणावा, माथ्यापासून पायथ्याकडे काम कां करावें, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी गांवानें आपण होऊन कां पाळावी, हें त्यांनीं लहानपणीं पाहिलेलें असतें. येथें एका धर्मगुरूंचें स्मरण केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. फादर हेर्मान बाखर हे स्वित्झर्लंडचे जेज्वीट. नगर जिल्ह्याच्या कोरड्या माळांवर त्यांनीं पाणलोट विकासाचें काम उभें केलें, भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमास चालना दिली, आणि १९९३ सालीं फादर क्रिस्पिनो लोबो ह्यांच्यासह त्या कामासाठीं संस्था स्थापिली. २०२१ सालीं ते निवर्तले. गांवकऱ्यांनीं श्रमदान केल्यावांचून काम नाहीं, हा तेथला दंडक होता. आपल्याकडे डोंगर नाहीं, समतलचर नाहीं; पण तो दंडक येथेंही लागू पडतो असें आम्हांस वाटतें.

आमच्या ह्या उपक्रमावर आक्षेप येतात, आणि ते सारेच पोकळ नाहींत. अभ्यासक्रम पुरा कधीं करावयाचा, असें मुख्याध्यापक विचारतात. मूल ओढ्यांत घसरलें तर जबाबदार कोण, असें पालक विचारतात. एका वर्गांत साठ मुलें असतां त्यांस बाहेर कसें न्यावें, असें शिक्षक विचारतात. ह्यांस आमचें उत्तर इतकेंच कीं डोंगर आणि खाडी शिक्षकांसाठीं आहे; मुलांसाठीं शाळेचें आवार पुरे. छप्पर, पन्हळ, अंगणांतील उतार, कुंपणाजवळची विहीर आणि पावसाची बाटली, ह्यांत वर्षभराचा अभ्यास आहे, आणि त्यास आठवड्याची एक तासिका लागते. ज्या शिक्षकानें स्वतः सबंध पाणलोट पायांखालीं घातला आहे त्यास अंगणांतला पाणलोट दाखवितां येतो. ज्यानें घातला नाहीं त्याच्या हातून पुन्हां त्या दोन ओळीच पाठ करून घेतल्या जातात.

आतां बावखलाविषयीं. महोत्सवास येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या उभ्या करण्यास जागा नाहीं, म्हणून शाळेमागील बावखल मुरूम टाकून भरून घ्यावें, अशी सूचना आली आहे. सूचना करणारांचा हेतु चांगला आहे. तें बावखल अर्धें गाळानें भरलेलें आहे, त्यांत प्लास्टिक तरंगतें, डांस होतात, आणि लहान मुलें कांठाशीं जातात. हीं सारीं गाऱ्हाणीं खरीं आहेत. पण शिक्षकांनीं त्याच्या कांठीं बसून जो हिशोब केला तो मंडळानें ऐकावा. ज्या बावखलाची लांबी ३० मीटर, रुंदी २० मीटर आणि सरासरी खोली दीड मीटर, त्यांत एका वेळेस ९०० घनमीटर, म्हणजे नऊ लाख लिटर पाणी मावतें. आपलें बावखल साधारण त्याच अंगाचें आहे. तें पावसाळ्यांत भरतें, मुरतें, पुन्हां भरतें. भोंवतालच्या विहिरींचें पाणी वर धरणारें तें भांडें आहे. तें बुजविलें तर हें नऊ लाख लिटर पाणी नाहींसें होणार नाहीं. तें शाळेच्या व्हरांड्यांत येईल, आणि जमिनींत जें गेलें असतें त्याची जागा खालचें खारें पाणी घेईल. मुरमावरचा डबा शिक्षकांनीं पाहिला आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकांत इसहाकाची हकीकत आहे. त्याच्या बापाच्या, अब्राहामाच्या काळीं खणलेल्या विहिरी पलिष्टी लोकांनीं माती टाकून बुजविल्या होत्या. इसहाकानें त्या पुन्हां खणल्या आणि बापानें ठेवलेलींच नांवें त्यांस पुन्हां दिलीं. आपल्या बावखलांसही नांवें आहेत. कोणास ओहोळाचें, कोणास वडाचें, कोणास एखाद्या घराण्याचें. माती टाकणाराचें काम पलिष्ट्यांकडे होतें एवढें सांगून आम्ही ह्या विषयावर अधिक बोलत नाहीं. पवित्र पिता फ्रान्सिस ह्यांनीं २०१५ सालच्या 'लाउदातो सी' ह्या पत्रांत पिण्याचें शुद्ध पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क म्हटला आहे, हेंही मंडळास ठाऊक आहेच.

आमची प्रतिसूचना अशी. गाड्या महोत्सवाच्या दिवसांपुरत्या खेळाच्या मैदानावर उभ्या कराव्या. अधिक लागल्या तर शेजारचें कापणी झालेलें शेत मालकांच्या संमतीनें मागावें. बावखलाचा गाळ उन्हाळ्यांत श्रमदानानें काढावा आणि तो वाडीवाल्यांनीं केळीच्या बुंध्यांस न्यावा. डांसांसाठीं गप्पी मासे सोडावे, कांठाभोंवतीं छातीइतकें कुंपण घालून त्यास एकच दार ठेवावें आणि किल्ली शाळेंत असावी. शाळेच्या छपराचें पाणी पन्हळीनें, मध्यें वाळूचा एक खड्डा करून, बावखलांत सोडावें. भरावाच्या मुरमाचा खर्च कुंपणास आणि पन्हळीस पुरेल कीं नाहीं हें मंडळाच्या खजिनदारांनीं पाहावें; आमच्या अंदाजानें कांहीं शिल्लकही राहील. आणि जो निर्णय व्हावयाचा तो कांठावर उभें राहून व्हावा. सभा तेथेंच बोलाविली तर शिक्षक दोरी आणि नळी घेऊन हजर राहतील.

विहिरींची पुढली मोजणी मे महिन्याच्या अखेरच्या शनिवारीं आहे. ज्यांच्या वाडींत विहीर आहे त्यांनीं रविवारच्या मिस्सेनंतर शाळेच्या ओटीवर आपलें नांव नोंदवावें. दोरी, बाटली आणि वही आमची. मालकांनीं फक्त दोन गोष्टी कराव्या: कुत्रा बांधून ठेवावा, आणि आदल्या रात्रीं बंद केलेला पंप शिक्षक येऊन जाईपर्यंत सुरू करूं नये; पंप चालू असतां पाण्याची पातळी खरी येत नाहीं.